भाऊ रिमांड होममधून घरी येतोय, आता काय करू?

ताई, नमस्कार.

मी चोवीस वर्षांची आहे, भोसरीत एका कंपनीत कामाला आहे. आई पोळ्यांची कामं करते, बाबा रिक्षा चालवतात. धाकटा भाऊ साडेसतरा वर्षांचा आहे. नववीत त्याची शाळा सुटली. मोठ्या पोरांच्या नादी लागला. आधी पंक्चरचं सोल्यूशन हुंगायचा, मग बटनच्या (झोपेच्या) गोळ्या, शेवटी एमडी (मेफेड्रोनची पावडर). त्याच पोरांबरोबर मोबाईल हिसकावताना पकडला गेला. जामिनावर आणला तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आता पाच महिने रिमांड होममध्ये आहे. पुढच्या महिन्यात बाल न्याय मंडळ त्याला परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीच्या अटीवर, घरी सोडेल, असं वकील मॅडम म्हणाल्या. भेटायला गेलं की म्हणतो, "तायडे, सगळं सुटलंय, शपथ." अंगानेही भरलाय. पण मला रात्रीची झोप नाही.

बाबा म्हणतात, एकदा जरी परत घेतलं तर घराचं दार बंद. (ते स्वतः शनिवार-रविवारी थोडी घेतात, पण तमाशा नसतो.) आई म्हणते, सातारकडे मामाकडे धाडून देऊ. बाबांच्या ओळखीचे एक हवालदार म्हणतात, पोराला एकदा मोठ्यांची जेल आतून दाखवून आणतो, अक्कल येईल. मी लघवी तपासायचं किट ऑनलाइन बघून ठेवलंय. चाळीत काय सांगायचं, त्याला पुढे नोकरी कोण देणार, काही सुचत नाही. दिवाळीनंतर माझा साखरपुडा आहे. तो पुढे ढकलू का, तेही सांगा.

एक मोठी बहीण, पिंपरी-चिंचवड


तुझ्या पत्रातले ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. हे कलम तुझ्या भावाच्या पुढच्या आयुष्यात फार उपयोगाचं आहे, त्याबद्दल खाली लिहिते.

आधी त्याच्या शपथेबद्दल. तो खोटं बोलत नाहीये. त्याला खरोखरच वाटतंय की सुटलं. पण पाच महिने त्याच्या हाताशी पुडी नव्हती, खिशात पैसे नव्हते, संध्याकाळी खालून शिट्टी मारणारं कोणी नव्हतं, जेवण आणि झोप वेळेवर होती. नको म्हणायची वेळ आत त्याच्यावर आलीच नाही. ती बाहेर येणार आहे, बहुतेक पहिल्याच आठवड्यात, आणि तेव्हा तो एकटा असेल. हा मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. एमडीची ओढ जागेशी, वासाशी, माणसांशी बांधलेली असते. ज्या टपरीमागे घेतलं ती टपरी दिसली, सोल्यूशनचा वास आला, की शरीर आधी जागं होतं आणि विचार मागून येतो. पाच महिन्यांनी अंगातलं विष उतरतं, ही बांधणी तशीच राहते.

म्हणून माझं मुख्य सांगणं एकच आहे. त्याने पुन्हा घेतलं, तर ते त्याच रात्री तुमच्यापैकी कोणाला तरी सांगायची त्याची हिंमत झाली पाहिजे. घर तसं असलं पाहिजे. तुझे बाकीचे सगळे प्रश्न मी या एकाच कसोटीवर घासून बघते: अमुक केल्याने तो सांगेल, की लपवेल?

या कसोटीवर बाबांची धमकी टिकत नाही. त्यांचा राग मला कळतो. रिक्षा सोडून मंडळाच्या तारखांना उभं राहणं, पोलीस स्टेशनात मान खाली घालणं, हे सगळं त्यांनी सोसलंय. पण "एकदा जरी" म्हटलं की मुलाला पर्याय उरत नाही. पहिल्यांदा पाय घसरला की तो घरी येणारच नाही. जाणार कुठे? ज्यांच्याकडे झोपायला जागा आणि एक कश फुकट मिळतो, त्यांच्याकडेच. आणि यात जिवाचाही प्रश्न आहे. काही महिने बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचणारा डोस आता जीव घेऊ शकतो, विशेषतः बटनच्या गोळ्या दारूबरोबर घेतल्या किंवा कोणी गर्द (हेरॉइन) पुढे केली तर. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजार माणसांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या बारा पटींहून जास्त निघाला, आणि त्यातलं पहिलं कारण होतं अतिरिक्त डोस. ती माणसं प्रौढ होती, देश वेगळा, नशा वेगळी. पण शरीराचा हिशोब इथेही तोच लागू होतो. हे बाबांना नीट समजावून सांग. दार बंद करण्याची सगळ्यात वाईट वेळ कुठली असेल, तर हीच.

घराला नियम नकोत असं मी म्हणत नाही. घरात चोरी चालणार नाही, आईवर हात उगारला तर चालणार नाही, कोणालाही माल ठेवायला घरात आणू द्यायचं नाही. हे स्पष्ट बोला आणि पाळा. नियम मोडला तर काय होणार तेही आधी ठरवा, आणि जे ठरवाल ते तुमच्याच्याने निभावेल एवढंच ठरवा. पण "मी काल घेतलं" असं तो स्वतःहून सांगेल, त्या वाक्याला शिक्षा नको. त्या वाक्याचं उत्तर, "बरं झालं सांगितलंस. उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ." एवढंच. हे बाबांकडून घोटवून घ्यावं लागेल, कारण ऐनवेळी तोंडातून दुसरंच निघतं.

आणि बाबांच्या शनिवार-रविवारबद्दल. कंसात लिहिलंस, पण मला ते पत्रातलं महत्त्वाचं वाक्य वाटलं. निदान सुरुवातीचे काही महिने घरात बाटली नको. बाहेरून पिऊन येणंही नको. सतरा वर्षांच्या मुलाला "तू सोड" म्हणताना समोर ग्लास असेल, तर त्या बोलण्याला वजन राहत नाही. शिवाय दारू आत गेली की नको म्हणायची ताकद सगळ्यात आधी जाते, मग ती घरातली असो की बाहेरची. बाबांनी त्याच्यासाठी एवढं केलं, तर कुठल्याही भाषणापेक्षा त्याला ते जास्त कळेल. त्यांना ते जड जात असेल, तर त्यांनाही मदतीची गरज आहे असं समज, आणि तेही सरळ बोला.

आता कामाचं. तुझ्या हातात अजून एक महिना आहे, आणि हा महिना सोन्यासारखा आहे. बहुतेक घरं मुलगा सुटल्यावर धावपळ सुरू करतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

परिवीक्षा अधिकाऱ्यांना याच आठवड्यात भेट. निरीक्षणगृहातल्या (म्हणजे रिमांड होममधल्या) प्रत्येक मुलाचा वैयक्तिक देखभाल आराखडा करायचा असतो. त्यात तुझ्या भावासाठी काय लिहिलंय ते विचार. व्यसनाचा उल्लेख आहे का? समुपदेशन किती वेळा झालं, कोणी केलं? आत असतानाच मानसोपचारतज्ज्ञाला दाखवता येईल का? व्यसनमुक्तीसाठी बाहेर पाठवण्याची सोय संस्थेने करायची असते, हे कायद्यातच आहे. आवाज न चढवता, पण वहीत लिहून नेऊन विचार. त्यांच्याकडे मुलं खूप असतात, हात कमी. जे घर विचारतं, त्या घराच्या मुलाची फाईल वर राहते.

दुसरं वकील मॅडमशी बोल. मंडळ मुलाला परिवीक्षेवर सोडतं तेव्हा कलम १८(२) खाली आणखी आदेश देऊ शकतं: शाळेत जाणं, व्यवसाय प्रशिक्षण, व्यसनमुक्ती कार्यक्रम, आणि ठराविक ठिकाणी फिरकायला मनाई. हे आदेश मागून घ्या. तुला वाटेल, आणखी अटी कशाला? पण बघ, खालून शिट्टी आली तर "ताई सोडत नाही" म्हणणाऱ्या पोराची टर उडवतात. "मंडळाची ऑर्डर आहे, तिथे दिसलो तर आत जाईन" याला मान मिळतो. त्याला नाही म्हणायला एक कारण हातात दे, जे त्याचं स्वतःचं नाही.

सुटायच्या दिवशी तुम्ही जा, वेळेआधी जा. पुण्याकडे कोणी सुटलं की गाड्या घेऊन न्यायला जायचं, रील बनवायची, "भाई परत आला" लिहायचं, हे फॅड तुला माहीत असेलच. त्या पोरांच्या आधी तुम्ही दारात असायला हवं. तिथून सरळ घरी, त्याच्या आवडीचं जेवण, आणि त्या दिवशी कोणी काही समजावायचं नाही.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण ती मी विचारणारच. त्याच्यावर उधारी आहे का? एमडी सुरुवातीला मित्र देतात, मग खात्यावर मिळते, आणि खातं वाढलं की "पैसे नाहीत ना, मग ही पुडी तिकडे पोचव" सुरू होतं. मोबाईल हिसकावण्यामागेही पुष्कळदा हेच असतं. बरीच मुलं सुटल्यावर नशेच्या ओढीने परत जात नाहीत, ती वसुलीच्या भीतीने जातात, आणि तिथे गेल्यावर घेतात. पुढच्या भेटीत शांतपणे विचार, "कोणाचे किती द्यायचे आहेत? मला राग येणार नाही." उत्तर यायला दोन-तीन भेटी लागतील. रक्कम कळल्यावर गुपचूप फेडून टाकायचा मोह होईल, मात्र एकदा दिले की दुसरा आकडा येतो. हे वकील मॅडमना आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांना सांग. अल्पवयीन मुलाला नशेचा पदार्थ देणं (कलम ७७) किंवा त्याच्याकडून तो विकवणं, पोचवणं (कलम ७८) यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. धमकी आली तर त्याच्याकडे जायचं किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. तिथे एकटी जाऊ नकोस, वकील मॅडमना किंवा परिवीक्षा अधिकाऱ्यांना बरोबर घे. जो माणूस तुझ्या भावाला वसुलीसाठी धमकावतो, त्याच्यापुढे तुझा भाऊ कायद्याच्या नजरेत पीडित आहे, हेही भावाला सांग. आजवर त्याला सगळ्यांनी आरोपीच म्हटलंय.

यापुढे खरी अडचण असते संध्याकाळची. सकाळ कशीही जाते. पाच ते दहा हे तास त्याचे जुने तास आहेत. त्या वेळेत त्याचा पाय कुठे असेल, हे आठवड्यातल्या प्रत्येक वारासाठी त्याच्याबरोबर बसून ठरव. त्याच्याबरोबर, त्याच्यासाठी नव्हे. तालीम, कबड्डीचं मंडळ, ढोल पथकाचा सराव, कॉम्प्युटरचा क्लास, काहीही चालेल. फक्त तिथे एखादा मोठा माणूस असावा, जो हजेरी घेतो आणि जुन्या कंपूतला नाही. प्रत्येक मुलाच्या मागे पोलिसात नसलेलं, घरातलंही नसलेलं असं एक वडीलधारं माणूस लागतं. असा कोच, असा सर, असा गॅरेजवाला मिळाला की मुलं टिकतात, हे मी खूप वेळा बघितलंय.

गॅरेज म्हटलं आणि थांबले. त्याला पंक्चरच्या दुकानात, डेंटिंग-पेंटिंगला, फर्निचरच्या पॉलिशला, चप्पलच्या कारखान्यात लावू नका. ओळखीने पटकन मिळणारी कामं नेमकी हीच असतात, आणि तिथे सोल्यूशन आणि थिनर दिवसभर नाकाखाली. एम्सने २०१९ मध्ये देशभराचा व्यसनांचा अहवाल दिला. त्यात दहा ते सतरा वयाची मुलं मोठ्यांच्या पुढे गेलेली दिसली ती एकाच प्रकारात, हुंगायच्या पदार्थांत: मुलांमध्ये १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८. स्वस्त, उघड मिळणारं, म्हणून त्याला लोक नशा समजत नाहीत. हुंगता हुंगता हृदय बंद पडून मुलं जागीच गेल्याची प्रकरणं आहेत. तेव्हा काम निवडताना पगाराआधी हे बघ.

शिक्षणाचं म्हणशील तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. दहावीआधी आठवी पासवर काही आयटीआय ट्रेडही मिळतात. मोरवाडीला आयटीआय आहे, तिथे जाऊन विचारून ये. आणि पगार सुरू झाला की पहिले काही महिने पगाराचा दिवस जपा. हातात रोख, शनिवारची संध्याकाळ आणि जुना मित्र हे तिन्ही एकत्र येऊ द्यायचे नाहीत. त्याच्या नावाचं बँक खातं उघडा, किती रोख जवळ ठेवायची ते त्यालाच ठरवू दे. फोनबद्दलही तेच. हिसकावून घेतलास तर दुसरा मिळवेल. नवीन सिम, जुने ग्रुप आणि इन्स्टाचं जुनं खातं त्याच्याच हाताने बंद, एवढं पुरे.

मामाकडे पाठवण्याचा आईचा विचार मी झटकून टाकणार नाही. अमेरिकेत २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सची घरं उद्ध्वस्त झाली, तेव्हा तुरुंगातून सुटलेल्या अनेकांना आपल्या जुन्या वस्तीत परत जाताच आलं नाही. नंतर पाहणी झाली तर दुसरीकडे गेलेली माणसं पुन्हा तुरुंगात जाण्याचं प्रमाण, जुन्या भागात परतलेल्यांपेक्षा कमी निघालं. जागा बदलल्याने फरक पडतो. पण "धाडून देऊ" हा शब्द मला बोचला. मामाला हवाय का तो? मामाच्या घरी कोणी पिणारं आहे? तिथे दिवसभराचं काम आहे, की नुसतं शेतावर बसवून ठेवणार? आणि तो स्वतः काय म्हणतो? सगळ्यांची उत्तरं बरी असतील तर पाठवा, पण मंडळाला सांगून. मामांना योग्य व्यक्ती म्हणून मंडळ मान्यता देऊ शकतं, आणि देखरेख सातारच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. न सांगता पाठवलंत तर तारखेला गैरहजर म्हणून तोच अडकेल. आणि दर आठवड्याला तुमच्यातलं कोणीतरी तिथे गेलं पाहिजे. टाकून दिलेला मुलगा आणि जपून ठेवलेला मुलगा, दोघेही मामाकडेच असतात, पण त्यांना फरक कळतो.

हवालदार काकांना नम्रपणे नाही म्हणा. त्यांचा हेतू चांगला आहे. पण हा प्रयोग जगात होऊन गेला. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून घाबरवायचे. पुढे अशा अनेक उपक्रमांचा एकत्रित अभ्यास केला, तर नेलेली मुलं न नेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्ह्यांकडे वळलेली दिसली. घाबरवून कोणी सुधारत नाही. उलट त्याची तिथे ओळख होते.

किट. तुझी तगमग समजते, पण बहिणीने भावाला डबी देऊन बाथरूमच्या दाराशी उभं राहणं नको. एक तर बाजारातल्या साध्या किटमध्ये एमडी हमखास सापडेल असं नाही, गांजा मात्र रोज ओढणाऱ्याच्या लघवीत बंद केल्यावरही काही आठवडे सापडतो. म्हणजे घेतलेलं सुटेल आणि न घेतलेल्यावर भांडण होईल. दुसरं, तपासणी करणारी तू झालीस की तो तुला सांगायचं थांबवेल, आणि आज घरात त्याचं सगळ्यात जवळचं माणूस तूच दिसतेस. तपासणी लागत असेल तर डॉक्टरांनी करावी, त्याला सांगून, उपचाराचा भाग म्हणून.

उपचारासाठी कुठे जायचं? सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापासून सुरुवात कर. पिंपरीत वायसीएम आहे, पुण्यात ससून. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. घरच्यांना उपचारात सामील करून घेण्याची त्यांची जुनी पद्धत आहे, फोन करून वय सांग आणि विचार. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत घराला बरोबर घेऊन केलेल्या समुपदेशनाला संशोधनाचा चांगला आधार आहे. म्हणून डॉक्टर म्हणाले तर तुम्ही चौघांनीही जायचं. "बिघडलाय तो, आम्ही कशाला" असं बाबा म्हणतील. त्यांना घेऊन जा.

आणि एक सावधगिरी. शहराबाहेर शेडमध्ये चालणारी, "सहा महिने ठेवा, सरळ करून देतो" म्हणणारी केंद्रं असतात. गाडी येते, मुलाला उचलून नेतात, मारहाण होते, फोन बंद. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे अल्पवयीन मुलाला दाखल करायचं तर मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं पाहिजे, त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवलं पाहिजे आणि घरचं माणूस त्याच्याजवळ राहिलं पाहिजे. हे तीन प्रश्न विचारल्यावर जे केंद्र गडबडेल, तिथून उठून या. पाच महिने कोंडलेल्या मुलाला पुन्हा कोंडणं हा तसाही शेवटचा उपाय आहे.

नोकरीची काळजी तुला वाटते तेवढी करू नकोस. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार मंडळाच्या निकालामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या, अत्यंत गंभीर गुन्ह्यात प्रौढांप्रमाणे चाललेल्या खटल्यांचा. तुझ्या भावाचं प्रकरण तू सांगतेस त्यावरून तसं दिसत नाही, पण वकील मॅडमकडून खात्री करून घे. कलम ७४ प्रमाणे, प्रकरण बंद झालेलं किंवा निकाली निघालेलं असेल, तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. या दोन कलमांची झेरॉक्स त्याला दे. "माझ्यावर शिक्का बसला" असं वाटणाऱ्या मुलाला शुद्धीत राहायला कारण उरत नाही. शिक्का कायद्याने पुसला जातो, हे त्याला छापलेलं दिसू दे. अठरा पूर्ण झाल्यावरही, संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत पश्चात देखभालीची तरतूद आहे. मिळेलच असं नाही, पण जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज देऊन ठेव, पोच घे.

चाळीत एकच वाक्य सगळ्यांनी म्हणायचं: "बाहेर होता, आता घरी आलाय, परीक्षा द्यायची म्हणतोय." याच्या पुढे कोणाला उत्तर देणं लागत नाही. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल कुजबुज मात्र चालू देऊ नका. शेजारच्या काकू आल्या की आईने रडायचं नाही. आईला सांगताना हळुवार सांग, पण सांग.

आता ती रात्र, जिची तुला भीती आहे. समजा तो दहाऐवजी एकला आला, डोळे लाल, बोलणं तुटक. त्या वेळी भांडण नाही, चौकशी नाही. काय घेतलं आणि किती, एवढंच विचार. एमडी घेतली असेल तर झोप येणार नाही, संशय येईल, छाती धडधडेल. शांत खोली, पाणी, आणि जवळ एक माणूस. छातीत दुखलं, अंग तापलं, झटका आला तर लगेच दवाखाना. बटन किंवा गर्द घेतली असेल आणि हाक मारून, हलवूनही उठत नसेल, घोरल्यासारखा घुरघुर आवाज येत असेल, ओठ निळे पडत असतील, तर कुशीवर वळव आणि १०८ ला फोन कर. "झोपून उतरेल" म्हणून सोडू नकोस. डॉक्टरांना खरं सांग. बदनामीच्या भीतीने "काय खाल्लं माहीत नाही" म्हटल्यामुळे माणसं जातात. आणखी एक, पुन्हा रोज बटन घ्यायला लागला असेल तर घरच्या घरी एकदम बंद करवू नका, फिट येऊ शकते. ती डॉक्टरच्या हाताखाली कमी करायची असते.

दुसऱ्या दिवशी तो लाजेने तोंड लपवेल. काही मुलं त्या लाजेतच आणखी घेतात, आणि काहींच्या मनात त्याहून वाईट येतं. एमडी उतरल्यावर मन फार खाली जातं. म्हणून त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नका. "मरावंसं वाटतंय का?" असं स्पष्ट विचार. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते शिरत नाही. आणि ठरल्याप्रमाणे डॉक्टरकडे. परिवीक्षा अधिकाऱ्यांनाही तुम्हीच आधी कळवा. लपवलेली गोष्ट मंडळापुढे आली तर वाईट दिसते. सांगितलेली आणि उपचार सुरू केलेली गोष्ट वेगळी दिसते. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही कलम ६४अ आहे. सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार पूर्ण केले तर. कायदासुद्धा परत येणाऱ्याला वाट ठेवतो, हे बाबांना सांगायला तुला उपयोगी पडेल.

एकदा घसरला म्हणजे पाच महिने पाण्यात गेले असं मानू नका. किती दिवसांनी घसरला, कोणत्या जागी, कोणाबरोबर, त्याआधी काय झालं होतं, हे चार दिवसांनी शांतपणे बसून बोला. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक त्यावरून बदला.

राहिला साखरपुडा. पुढे ढकलू नकोस. तू स्वतःचं आयुष्य थांबवलंस तर त्याचं ओझं त्याच्यावर येईल. "माझ्यामुळे ताईचं राहिलं" हे घेऊन जगणं त्याला पेलणारं नाही. तुझ्यावाचून घर चालेल अशी सवय आई-बाबांना आत्तापासून लाव. डॉक्टरची एक तारीख बाबांकडे, परिवीक्षा अधिकाऱ्यांची भेट आईकडे, असं वाटून दे. तू चोवीस वर्षांची आहेस, त्याची आई नाहीस. साखरपुड्याच्या दिवशी त्याला जबाबदारीचं काम दे, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं किंवा जेवणाच्या पंगतीचं, आणि दारू त्या मांडवात कुठेही नको, गाडीच्या डिकीतही नको. होणाऱ्या नवऱ्याला हे सगळं सांगायचं का, असं तू विचारलं नाहीस, पण तो प्रश्न तुझ्या मनात असणार. माझ्या मते सांगावं, साखरपुड्याआधी. मात्र ही गोष्ट तुझ्या भावाची आहे, तेव्हा पुढच्या भेटीत आधी त्याला विचार.